पाना धरता येतो, साहेब!

गाडीतल्या बिघाडाचा कोड घरच्या घरी कसा वाचायचा, यावरच्या माझ्या लेखावर ‘एक जुना मेकॅनिक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: “कोड म्हणजे निदान नव्हे. चुकीची पिन अर्थिंगला जोडली तर ईसीएम [इंजिनचा कॉम्प्युटर] जातो. ज्यांना पाना धरता येत नाही त्यांनी बोनेट उघडू नये.”

साहेब, आधी माझी चूक. ‘२०१० नंतरच्या सगळ्या गाड्यांना कोड वाचणारा स्कॅनर चालतो’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ओबीडी-२, म्हणजे त्या स्कॅनरला लागणारं गाडीतलं प्रमाणित तंत्र, आपल्याकडे सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून. दुरुस्ती केली आहे.

पण ‘पाना धरता येत नाही’ हे कोणाला उद्देशून? माझे वडील नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं लेथवर उभे होते. रविवारी त्यांच्या हाताखाली स्कूटरचा कार्बोरेटर साफ करायचो मी. दहा-अकराचा पाना मागितला आणि बारा-तेराचा दिला की टपली बसायची. तेव्हा पान्याचं मला नका शिकवू.

आणि बोनेट का उघडलं तेही ऐका. माझी २००० सालची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी) झेन तापली की स्टार्ट व्हायला रडायची, मागून काळा धूर, पेट्रोल तर पाण्यासारखं जायचं. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्याने काहीही न तपासता ‘ईसीएम बदला, अठरा हजार’ असं फर्मावलं. (तुमच्याच बिरादरीतला!) घरी आलो, डायग्नोसिस कपलरमध्ये (तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटमध्ये) वायरचा तुकडा लावला, चावी ऑन केली आणि चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजत बसलो. एक, जरा थांबून चार. पुन्हा एक, चार. कोड चौदा म्हणजे कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर; सगळं ठीक असतं तर बारा आला असता. तरी मी सेन्सर विकत आणायला धावलो नाही, आधी त्याची वायर पाहिली. उंदराने कुरतडली होती. सर्किट तुटलं की ईसीएमला इंजिन बर्फासारखं गार वाटतं आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. सोल्डरचा डाग दिला, टेप गुंडाळली, झालं काम. याला निदान नाही तर काय म्हणतात तुमच्यात?

‘कोड म्हणजे निदान नव्हे’ हे वाक्य मूळ लेखातही आहे. वाचायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं.

राहिलं पिनेचं. माझ्या हातून आजवर एकही ईसीएम जळालेला नाही. एकदा फ्यूज उडाला होता, पण ती वेगळी गोष्ट.

लेखातल्या कपलरच्या फोटोत पिनांवर आता लाल खुणा केल्या आहेत. तुमच्या सांगण्यावरून नाही, करायच्याच होत्या.