धोट्याला पाडलेलं भोक

बेळगावातल्या वडगावचं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर एक धोटा सापडला, हातमागावर आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो. तेल पिऊन पिऊन काळा झालेला, दोन्ही टोकांना लोखंड. एका टोकाजवळ तापवलेल्या खिळ्यानं पाडलेलं वेडंवाकडं भोक. ते भोक माझं. वय वर्षं आठ-नऊ. त्यातून सुतळी ओवून मी हा धोटा गल्लीभर ओढत न्यायचो. मिरजेची गाडी होती ती. सुताची कांडी बसते त्या खोबणीत चिंचोके भरायचे, ते पॅसेंजर. वळणावर गाडी कलंडली की पॅसेंजर गटारात.

घरात ठेवायला जागा नाही म्हणून जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका ठिकाणी घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, म्हणाले, "वस्तू छान आहे हो, पण खराब झालीय. भोक नसलेला एखादा आहे का?"

परत पिशवीत घातला आणि घरी आणला.

रागावलो नाही त्यांच्यावर. त्यांच्या चिठ्ठीवर 'हातमागाचा धोटा' एवढंच लिहायचं होतं आणि तेवढ्यासाठी भोक ही खराबीच. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. संग्रहालयांत मुलं असतात कुठं?

असतात म्हणा. पाळणा असतो, चांदीचा वाळा असतो, लोणी खाणारा बाळकृष्ण असतो, आईच्या कडेवर पोर असलेली अंबिका यक्षी असते. सगळं मोठ्यांनी मुलासाठी केलेलं, नाहीतर मोठ्यांनी बघितलेलं मूल. मुलानं स्वतः केलेलं, मोडलेलं, भोक पाडलेलं काही दिसतं का, ते आठवून बघा.

आणि एक गोष्ट सांगतो, जरा जड आहे. महाराष्ट्रातलं फार जुनं मूल भेटतं ते मेलेलं. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून दहा-बारा वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांच्या आत. गावाबाहेर नाही, घरातच. ज्या जमिनीवर आई स्वयंपाक करत असेल, त्याच जमिनीत. आपण त्या रांजणांची घडण बघतो, काळ विचारतो आणि पुढच्या कपाटाकडं जातो.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही हेच झालं. मुलीला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती चौथीत. दारातच विचारलं, "बाबा, हा राजा कुठल्या गडाचा?" तिला वाटलं, शिवाजी महाराजांसारखा कुणीतरी. मग सांगितलं की दिनकर केळकरांचा हा एकुलता एक मुलगा, लहानपणीच गेला. केळकर कविता लिहायचे, 'अज्ञातवासी' या नावानं. गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, काय काय गोळा केलं आणि सगळ्यावर पोराचं नाव घातलं. मस्तानी महालसुद्धा त्या पोराच्या नावाखाली उभा आहे. मुलगी सगळे मजले फिरली, दिवे बघितले, वाद्यं बघितली आणि बाहेर पडताना म्हणाली, "राजाचं काय होतं यात?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी त्या संग्रहालयाचा भक्त आहे, गैरसमज नको.

आता आमच्या गल्लीचं बघा. वडगाव, खासबाग, शहापूर म्हणजे विणकरांची वस्ती. (शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, ते सांगितल्याशिवाय शहापूरकर तुम्हाला सोडत नाहीत.) विणकराच्या पोराचं बालपण अर्धं राटावर, म्हणजे कांडीवर सूत गुंडाळायच्या चरख्यावर जायचं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि कांड्या भरायला बसायचं. एका हातानं राट, दुसऱ्या हाताच्या चिमटीत सूत. चिमूट सैल पडली तर कांडी फुगते, घट्ट धरली तर सूत तुटतं आणि आतून बाबांचा आवाज येतो. पाचवीत माझी चिमूट आईपेक्षा बरी होती, हे आईच सांगायची. आता कुठंही हातमाग मांडलेला बघा. मागावर धोतर नेसलेला पुतळा बसलेला असतो. राटावर पोर बसवलेलं मी तरी कुठं पाहिलेलं नाही. बालमजुरी दाखवायची लाज वाटते की काय कोण जाणे. वाटू दे लाज, पण दाखवा. खेळ आणि काम आमच्यात वेगळं नव्हतं. भरलेल्या कांड्या मोजून झाल्या की मोडका धोटा घेऊन गाडी सुटायची.

याच्या उलट टोकाला आपण काय करतो? 'पारंपरिक खेळांचं प्रदर्शन'. एका शाळेत बघायला गेलो होतो. बाजारातून आणलेला, पॉलिश केलेला विटीदांडू, लाल कापडावर ठेवलेले गजगे आणि समोर पाटी: हात लावू नये. पोरं हात मागं बांधून रांगेनं पुढं सरकत होती. गजगे!

माझाही हात यात बरबटलेला आहे, कबूल करतो. दिवाळीत बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात ते तुम्हाला माहीत आहेच. लाल माती, गोणपाट, दगड, वर हळीव पेरलेलं. एका मंडळानं स्पर्धेला मला परीक्षक केलं. एका किल्ल्याच्या महादरवाजाशी प्लास्टिकचा डायनासोर उभा होता. मी गुण कापले, 'इतिहासाला धरून नाही' असा शेराही मारला. तो किल्ला करणारं पोरगं म्हणालं, "काका, मावळे रात्री झोपतात. मग राखण कोण करणार?"

त्या किल्ल्याचा एक फोटो माझ्याकडं आहे, डायनासोरसकट. किल्ला तुळशीच्या लग्नाआधीच त्यांनी फटाके लावून उडवला, तेही रीतीप्रमाणेच. असली वस्तू कपाटात कशी ठेवणार, हा प्रश्न खरा आहे. लंडनमध्ये बेथनल ग्रीनला बालपणाचं एक मोठं संग्रहालय होतं. 2023 मध्ये ते नव्यानं उघडलं, तेव्हा आत काय असावं हे ठरवताना तिथल्या मुलांनाही विचारलं होतं. त्यांचा पैसा आपल्याकडं नाही, पण पोरांना विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि आवाजाचं काय करायचं? विटीदांडू आठवा. कन्नड पोरं चिन्नीदांडू म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. टोला मोजायचा कसा? वकट, लेंड, मूंड, नाल. हे काय मराठी आहे? तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, मग मूडु, नालुगु. कुठल्या तरी काळी कुठल्या तरी पोरांनी दुसऱ्या पोरांकडून ते ऐकलं, आणि पुण्या-साताऱ्यापर्यंत ते अर्थ न कळता चालत राहिलं. इथं सीमेवर सत्तर वर्षं आपण पाटीवरच्या अक्षरांवरून भांडतोय. (भांडण खरं आहे, मीही मोर्चात चाललोय.) पण गल्लीत खेळायला उतरलो की मराठी पोरं आणि कन्नड पोरं मिळून तिसऱ्याच भाषेत मोजायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. कुठल्या कपाटात ठेवणार हे? ज्यांच्या तोंडात ते आहे ती माणसं आता पन्नास-साठीची झाली.

म्हणून मी एक उद्योग सुरू केलाय. फोनवर रेकॉर्ड करतोय. आत्तापर्यंत नऊ जणांचं झालं, त्यात दोघे कन्नड मित्र आणि एक आमची आत्या, जी म्हणते की पोरी गुपचूप खेळायच्या. नालपर्यंत सगळ्यांचं जुळतं. पुढं प्रत्येक गल्लीचं वेगळं. 'डोळा' बऱ्याच जणांच्या मोजणीत येतो, कारण तिथं विटी खरोखर डोळ्यावर ठेवून मारायची. पण तो पाचवा की सहावा, यावरून आत्या आणि मी अजून बोलत नाही.

तुमच्याकडं नालनंतर काय होतं? खाली लिहा, गावाचं नाव घालून. आणि कुणाकडं भोक पाडलेला धोटा असेल तर टाकू नका.