प्लास्टिक कमी करा, पण बाईचं काम वाढवू नका

प्लास्टिकमुक्त घराच्या पोस्टी वाचल्या की मला पहिला प्रश्न पडतो, हे सगळं धुतं कोण? काचेच्या बरण्या, कापडी पिशव्या, घरी केलेलं दंतमंजन, भांड्यांना रिठ्याचं पाणी. फोटो झकास असतात. ओट्याशी उभी असलेली बाई त्यात नसते.

त्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "आजीच्या काळी कुठे होतं प्लास्टिक?" नव्हतंच. तेव्हा वर्षाचं धान्य वाळवायचं, पाखडायचं, निवडायचं, डाळींना एरंडेल लावून डबे भरायचे. हे सगळं घरातल्या बायका कंबर मोडेपर्यंत करायच्या. मला ते दिवस परत नकोत. प्लास्टिकची पिशवी घरात शिरली ती लोक आळशी झाले म्हणून नाही, तिने खरोखर कष्ट वाचवले म्हणून. हे मान्य न करता एका रविवारी सगळं प्लास्टिक घराबाहेर काढायला निघालात, तर महिन्याभरात ते मागच्या दाराने परत येतं.

म्हणून आमच्याकडे एका वेळी एकच वस्तू धरली. ती अंगवळणी पडली की पुढची. आणि वाढणारं काम कुणाचं, हे आधीच ठरवायचं.

सुरुवात कचऱ्याच्या डब्यातल्या काळ्या पिशवीपासून झाली. नीट बघितलं तर ही पिशवी आपण विकत घेतो ती फक्त फेकायला. ओला कचरा वेगळा ठेवला तर तो बादलीत थेट जातो, तळाला वर्तमानपत्राचा कागद पुरतो. प्रश्न बादली धुण्याचा होता. ते काम नवऱ्याकडे गेलं. पहिल्या आठवड्यात बरीच कुरकुर झाली, मग त्यानेच शोध लावला की आमटीतलं पाणी आधी गाळून टाकलं की बादलीला वास येत नाही. काम ज्याच्या हातात असतं त्यालाच असं सुचतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारातून कचरा नेतात. त्यांना गाठ मारलेली पिशवी फोडून आत हात घालावा लागत नाही, हा यातला मला सगळ्यात पटलेला फायदा.

मग दुधाच्या पिशव्या. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परत मिळणार असं नियमात होतं. आमच्या गल्लीत ते 50 पैसे कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण पिशवी स्वच्छ असेल तर भंगारात चालते, दुधाने बरबटलेली कुणी हातात धरत नाही. सासूबाई पूर्वीपासून पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवतात, सुकल्या की आपोआप गळून पडतात. यात सुधारणा एकच केली. कोपरा पूर्ण कापायचा नाही, तुकडा लोंबता ठेवायचा. तो सुटा इवलासा तिकोन कुणी वेचू शकत नाही, तो थेट गटारात जातो. यात काम काडीचंही वाढत नाही. अशा गोष्टी आधी कराव्यात, कारण त्या टिकतात.

वाणसामानाला मात्र वेळ लागला. आमचा दुकानदार डाळ-तांदूळ सुटे देतो, पण डबा नेला की गडबडायचा: डब्याचं वजन वजा कसं करायचं? शेवटी नवऱ्याने प्रत्येक डब्याच्या बुडाला मार्करने रिकाम्या डब्याचं वजन लिहून टाकलं. आता दुकानदार डबा उलटा करून बघतो आणि काट्यावर ठेवतो. फरसाण, खारी, नानकटाई अशीच डब्यात येते.

बिस्किटं आणि वेफर्स चालूच आहेत. त्या चकचकीत वेष्टनात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. उपाय काय, तर घरी बिस्किटं भाजा? नोकरी सांभाळून? क्षमस्व. पाच-पाच रुपयांच्या पुड्यांऐवजी मोठा पुडा आणते, तेवढ्यावर सध्या भागवतो. त्या वेष्टनाचा हिशोब कंपनीने द्यायचा आहे, नियमही आता तसंच सांगतात. त्याचा अपराधीपणा मी का वाहू?

कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांबद्दलही बोलायलाच हवं. लग्नात, साडीच्या दुकानात हौसेने देतात. त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. जुन्या झाल्या की त्यांचा भुगा पडायला लागतो. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीच्या पिशव्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून घेतल्या. एक दाराच्या खुंटीला, एक स्कूटरच्या डिकीत, एक नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत. डिकीतली सगळ्यात कामाची, कारण भाजी आपण ठरवून थोडीच घेतो? सिग्नलला ताजी मेथी दिसते आणि गाडी थांबते.

दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानाने मात्र नाकात दम आणलाय. वरून खाकी कागदी पिशवी, आत मिरच्या वेगळ्या प्लास्टिकमध्ये, आलं वेगळ्या, लिंबं जाळीत. हे मागवणं बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. रात्री साडेआठला घरी पोहोचणाऱ्या बाईला ते सांगायचा मला हक्क नाही. आम्ही एवढंच केलं की कांदा, बटाटा, लसूण, आलं आठवड्याच्या बाजारातून भरून ठेवायचं. निम्मी तातडी तिथेच संपते.

तेलाचं अजून जमलेलं नाही. घाण्यावर किटली नेली की सुटं मिळतं, पण रोजच्या फोडणीला तो भाव झेपत नाही. तूर्त लिटरच्या पिशव्यांऐवजी पाच लिटरचा कॅन आणतो, रिकामा झाला की भंगारवाला पैसे देऊन नेतो. कोथरूड-वारजे भागात परवडेल अशा भावात किटलीत तेल देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर पत्ता कळवा. नवऱ्याला पाठवते.