रुपयाएवढा फोड

इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं. सातव्या वर्षी तेवढी सुरतेला भागीदारी द्यावी लागली, ती सल अजून पोह्यांच्या टपरीवर निघते. अशा गावात राहून गाडीला गंज म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. मागच्या चाकाच्या कमानीवर रुपयाएवढा फोड दिसला तेव्हा आमची सौ. म्हणाली, "अहो, महापालिकेनं बघायच्या आत काहीतरी करा."

फोड दिसायला गोंडस होता. वरचा रंग शाबूत, नुसता फुगलेला. नखानं दाबला की कुरकुर वाजायचा. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलत बाहेर येतो. म्हणजे आपल्याला फोड दिसतो तोवर आत त्याचा संसार थाटून नातवंडंसुद्धा झालेली असतात.

लोकमान्य नगरात अशा वेळी सल्ला फुकट मिळतो. खालच्या काकांनी खोबरेल तेल सांगितलं. काकूंनी नेलपॉलिश, तेही लाल, कारण घरात तेच होतं. मेव्हणा म्हणाला, "भावजी, लिंबू-मीठ चोळा." मिठानं गंज झपाट्यानं वाढतो, त्यामुळे मेव्हण्याचा हेतू मी अजून तपासतो आहे.

शेवटी डेंटर-पेंटर गाठला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्यानं पेचकसाच्या मुठीनं फोडाभोवती टकटक केलं, दाढ तपासणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणाला, "भिया, ये तो अंदर से आ रिया है." इंदुरात डॉक्टर, वकील आणि डेंटर यांच्यापैकी कुणीही 'अंदर से' म्हटलं की आपण मुकाट्यानं पाकीट चाचपावं.

ऐंशी नंबरचा खरखरीत घासकागद फिरला आणि रुपयाची बशी झाली. बशीची थाळी झाली. मी म्हणालो, "उस्ताद, बस." तो म्हणाला, "अभी तो चालू किया है." चमकदार लोखंड लागेपर्यंत घासलंच पाहिजे, कारण गंजावर पुट्टी भरली की काही महिन्यांत ती खपलीसकट निघते. पुट्टी स्वतःच ओल पिते, त्यामुळे तिच्याखाली आधी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, हवा. हे सगळं त्यानं मला उकिडवं बसवून शिकवलं. मग कमानीच्या आत बोट घालून बचकभर चिखल काढून माझ्या हातावर ठेवला. आपली माळव्याची काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून गहू झकास येतो. तीच माती कमानीत बसून माझ्या पत्र्यावर दोन पावसाळे शेती करत होती. दाराच्या खालच्या काठाला पाणी निघून जायला भोकं असतात, तीही त्यानं दाखवली. म्हणजे भोकं नव्हे, त्यांत गच्च बसलेला कडुनिंबाचा पाला. मी खाली वाकून ती प्रथमच पाहत होतो आणि जुनी ओळख असल्यासारखी मान हलवत होतो.

खोलवरच्या खड्ड्यांना त्यानं एक द्रव लावला. तांबडा गंज बघताबघता काळा पडला. मग प्रायमर, आणि त्यावर लाल हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं औषध, कालवून पुट्टी. ही भानगड जेवढी पटकन कालवावी तेवढी पटकन लावावी लागते, नाहीतर पत्र्याऐवजी पात्यावरच दगड होते. पुढचं काम एका पोरानं केलं. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून पाण्याची धार सोडत तो कागद फिरवायचा, मग डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "लहर है." म्हणजे पत्रा अजून उंचसखल आहे. मला लहर दिसेना. मीही डोळे मिटून हात फिरवला. लहर नव्हती. तरी मी "हां, है तो" म्हणालो, कारण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

पाऊस सुरू होता आणि हवेत ओल असली की लॅकर पांढुरकं पडतं, म्हणून उस्तादनं रंग ऊन पडेपर्यंत लांबणीवर टाकला. गणपती येऊन गेले, माझी गाडी कमरेला वर्तमानपत्र गुंडाळून उभी.

आणि माझी गाडी चंदेरी! रंगाचा नंबर बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. तो दुकानदाराला दिला की हुबेहूब रंग मिळतो. फक्त तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. माझी गाडी त्यानंतर कितीतरी वैशाख उन्हात उभी होती. वर चंदेरीत अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे पसरतात ते हवेच्या दाबावर आणि हाताच्या अंतरावर ठरतं, आणि छटा बदलते. म्हणून रंग ठिगळासारखा न लावता शेजारच्या पत्र्यावर विरळ करत न्यावा लागतो. "मिला देंगे, भिया," उस्ताद म्हणाला. मिळवता मिळवता तो अख्ख्या दारावर पोचला. त्यानं बंपरकडे नजर टाकली, तेव्हा मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

गाडी त्यानं दिवेलागणीला दिली. का, ते दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात कळलं. एक बाजू नवरीसारखी, बाकी वऱ्हाड.

फोड होता तेव्हा कुणाच्या बापाला दिसला नव्हता. आता येणारा-जाणारा थांबतो. "अरे, ठोकली वाटतं?" आधी मी चिखल, पाला, लोखंड, सगळं समजावून सांगत असे, आणि लोक "लपवतोय" अशा चेहऱ्यानं निघून जात. आता सांगतो, "देवास रोडवर ट्रक घासला." लगेच आत बोलावतात, चहा टाकतात. खालच्या काकांनी तर काल शेव-जलेबीसुद्धा आणली आणि त्या ट्रकवाल्याला सव्वा तास शिव्या घातल्या.