तीन वर्षांनी फोन निकामी होतो? खुलासा

‘तीन वर्षं झाली की अपडेट संपतात, फोन निकामी होतो’ असा मेसेज नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सगळ्या फोनना अपडेट मिळण्याची मुदत एकच नसते. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना ७ वर्षांचं आश्वासन आहे; २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ मध्ये आयओएस १५ (आयफोनच्या प्रणालीची तेव्हाची नवी आवृत्ती) मिळालं. स्वस्त मॉडेलांची मुदत मात्र बरीच कमी असते, आणि ती तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. सीताबर्डीत सवलतीत मिळणारं दोन वर्षं जुनं मॉडेल घेताना हे आधी विचाराच.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘अँड्रॉइड व्हर्जन’ उघडा. तिथली सिक्युरिटी अपडेटची तारीख महत्त्वाची. व्हर्जन जुनं असलं तरी ती ताजी असू शकते. वर्षभर ती हलली नसेल, तर फोन चालेल, पण सुरक्षेतल्या नव्या त्रुटी उघड्याच राहतील. त्यावर बँकेचं ॲप ठेवू नका.

अपडेट अडकलं तर बहुधा जागा कमी असते. ५-६ जीबी मोकळी करा, बॅटरी निम्म्याहून जास्त ठेवा. मे महिन्यात दुपारी नकोच, तापलेल्या फोनचं चार्जिंगही मंदावतं.