नावंच झाकली तर माहिती अधिकारात उरतं काय?

भ्रष्टाचाराचा विषय निघाला की सगळे इलेक्टोरल बॉण्डवर बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण नोव्हेंबर 2025 पासून माहिती अधिकारात जो बदल लागू झालाय त्याचा गावाकडे कुणाला पत्ताच नाही.

झालंय असं की 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(जे) बदललं. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा कुणाच्या खासगी आयुष्यात उगाच ढवळाढवळ होतेय, हे बघावं लागायचं. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते सगळं गेलं. आता 'व्यक्तिगत माहिती' एवढं म्हटलं की विषय संपला.

अहो पण चोरी सापडते ती नावांतच ना! राजस्थानात 1994-95 ला मजदूर किसान शक्ती संघटनवाले जनसुनावणीत सरकारी कामाची मस्टरं सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचायचे, आणि मग कळायचं की ज्याने कामावर पाऊल ठेवलं नाही त्याची हजेरी लागलीय, मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी उचललीय. माहिती अधिकाराची मागणी तिथूनच पेटली. आपल्याकडे मुंबईतल्या आदर्श या गृहनिर्माण सोसायटीत काय झालं, सभासदांच्या यादीत पुढारी-अधिकाऱ्यांचे नातेवाईक निघाले आणि नोव्हेंबर 2010 ला मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना खुर्ची सोडावी लागली. आज ती यादी मागा, व्यक्तिगत म्हणून परत पाठवायला वाट मोकळी आहे.

माझ्या मित्राने एका ग्रामपंचायतीत घरकुल लाभार्थ्यांची यादी मागितली, जोडपत्र अ भरून, 10 रुपयांचा स्टॅम्प लावून, तर उत्तर एका ओळीचं, व्यक्तिगत माहिती असल्याने देता येत नाही. सरकारी पैशातून बांधलेलं घर कुणाला मिळालं हे व्यक्तिगत कसं काय? मला याचा खरंच संताप येतो.

कुणी म्हणेल कलम 8(2) आहे की, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आहे, पण ते ठरवणार आधी माहिती नाकारणारा तोच अधिकारी, आणि पुढे माहिती आयोगात दुसऱ्या अपिलाचा नंबर लागेपर्यंत ठेकेदाराचं बिल निघून रस्ता उखडलेला असतो.

जुनं कलम जसंच्या तसं परत आलं पाहिजे, आपापल्या खासदाराला हे तोंडावर विचारा, ग्रामसभेत ठराव घ्या. आणि तोवर अर्ज करताना 8(2) स्वतःहून लिहा, जनहित कसं आहे ते दोन ओळींत मांडा, नकार आला तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाका.