अर्धा किलो हळद

"किरकोळ नाही."

हळदीच्या घाऊक दुकानाच्या मालकाची मान वर नाही, नजर मोबाइलवरच्या वायद्याच्या भावावर, अंगठा चालूच. मागे छताला टेकलेली पोती, हवेत पिवळा भुगा, आणि मला हवी होती अर्धा किलो. घरातली संपली होती, एवढंच कारण. सांगलीत दूध संपलं तर मिळतं, पेट्रोल संपलं तर मिळतं. हळद संपली तर पोतं घ्या म्हणतात.

ज्या गावाच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या गावात सातारा आणि कर्नाटकाकडूनही माल येऊन सौद्यात, म्हणजे लिलावात, उतरतो, तिथल्या माणसाला फोडणीपुरती हळद मागताना ओशाळायला होतं, हे बाहेर सांगून कोणाला पटत नाही. मुंबईकर तर समजून चालतात की आमच्या नळालाच पिवळं पाणी येतं. (येतं कधीकधी. त्याची कारणं वेगळी, ती पुढे.)

मी निघणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून कागदातलं भडंग खाणारे एक अण्णा बोलले. ते मालक नव्हते, दिवाणजी नव्हते, अडते नव्हते, हमाल तर नव्हतेच. दुकानात त्यांचं नेमकं काय काम होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा बसण्याचं.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"इथलाच. विश्रामबागला राहतो."

"मग विश्रामबागचं म्हणा की. सांगलीचं न्हवं."

"विश्रामबाग सांगलीतच आहे."

"२००५ ला घरात पाणी आलतं का?"

"नाही."

"२०१९ ला?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी भडंगातला तळलेला लसूण शोधून तोंडात टाकला. वाद संपला होता.

ही कसोटी अण्णांची एकट्याची नाही, म्हणून जास्त लागते. गाव मिरजेच्या दिशेला वाढत वाढत गेलं, दोन्ही गावांमधलं रान फ्लॅटांनी भरलं, तरी गणपती पेठ-मारुती चौकातल्या जुन्या माणसाच्या लेखी खरा सांगलीकर तोच, ज्यानं गादी, गॅस सिलिंडर आणि आजीला एकाच रात्रीत माळ्यावर चढवलं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे लोक एकमेकांना "कसे आहात" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. १९२९ साली खुला झालेला कृष्णेवरचा हा आयर्विन पूल आमची पुराची फूटपट्टी आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, तेव्हा फूटपट्टीकडे बघायलाही कोण जाणार! पाहुण्यांना दाखवायचं म्हणून आम्ही काय दाखवतो? चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचं गणपती मंदिर, हा पूल, हरिपुरात कृष्णा-वारणेचा संगम, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं हे ऐकीव पुण्य. दुपारी जेवायच्या आत पाहुणा मोकळा. हळदीचे सौदे मात्र कोणी दाखवत नाही, कारण शर्ट खराब होतो.

"भाजीची का लग्नाची?" अण्णा पुन्हा सुरू.

"भाजीची."

"खाणारी तोंडं?"

"चार."

"आन् अर्धा किलो? वर्साची घ्यायची असती हळद. म्हैन्याला साबण घेत्यात."

मग त्यांनी टेकलेल्या पोत्याच्या तोंडातून तीन हळकुंडं काढली. एक माझ्या कानाशी धरलं आणि मोडलं. कट्. "वाजलं का? लोखंड वाजतंय." दुसरं मोडताना आधी किंचित वाकलं आणि मग फसकन तुटलं. "ही आजून वली. असली घेऊन डब्यात ठेवलासा तर पावसाळ्यात बुरशी." तिसरं माझ्या हातात दिलं. मोडा म्हणाले. मी मोडायला गेलो, ते मोडलं नाही. दुसऱ्यांदा गेलो, तरी नाही. आणि नेमका तेव्हाच मालकानं इतक्या वेळात पहिल्यांदा मोबाइलवरून मान वर केली.

"हापिसात असत्यात का?" अण्णांनी मालकाला विचारलं, मला नाही.

चीड आली, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता, हे अजून सलतं. चांगल्या वाळलेल्या हळकुंडात दहा टक्क्यांच्या आसपासच ओल उरते, आणि तेवढ्या कोरडेपणाला ते धातूसारखं वाजतं. तिथवर पोचायला शेतकऱ्याला बरंच काही करावं लागतं. काढलेली ओली हळद पाऊण-एक तास शिजवायची. फेस येऊन वास सुटला आणि काडी आरपार गेली की उतरवायची. कमी शिजली तर वाळायला वेळ लागतो, रंग एकसारखा येत नाही आणि कीड लवकर धरते. जास्त शिजली तर रंगच जातो. मग दोन-अडीच इंचांच्या थरात दहा-पंधरा दिवस ऊन, रात्री झाकण, आणि मध्येच अवकाळी सरी आल्या की सगळं मुसळ केरात. वाळल्यावर ड्रममध्ये फिरवून साल घासतात, ते पॉलिश. पाच किलो ओलीतून किलोभर सुकी हाती लागते. एवढं सगळं झालेला माल मी अर्ध्या किलोत मागत होतो, म्हणजे लग्नाच्या पंगतीत एकच जिलबी मागितल्यासारखं झालं असेल.

"पूर्वी पेवातली हळद होती," अण्णांनी आता आवाज उतरवला. हरिपुराची पेवं. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खड्डे खणायचे, आत हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत प्राणवायूच उरत नाही, म्हणून किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. माणूसही जगत नाही, हे त्याच कारणानं खरं. म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबल्याशिवाय आत उतरायचं नसतं, आणि घाई करून उतरलेली माणसं दगावलीही आहेत. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. त्यानंतर बहुतेक व्यापार गोदामं आणि शीतगृहांकडे वळला. ज्या नदीनं पेवाला माती दिली तिनंच पेवं बुडवली, असं म्हणायचा मोह होतो. पण मग त्याच नदीत आम्ही शेरी नाल्यातून शहराचं सांडपाणी सोडतो, हेही म्हणावं लागेल. निवडणुका झाल्या, योजना झाल्या, नाला आहे तिथेच आहे. नळाच्या पाण्याचं कारण मघाशी राहिलं होतं, ते हे.

"मग राजापुरी द्या," मी हळदीच्या जातीचं नाव घेऊन जरा माहितगारासारखं म्हणालो.

मालक हसला. हेही पहिल्यांदाच. "राजापुरीत काय? लगडी, मध्यम, गड्डा, कणी? का परपेठ देऊ?"

परपेठ म्हणजे बाहेरच्या पेठेतून आलेला माल. लगडी म्हणजे लांब, भरीव, एकसारखी हळकुंडं. गड्डा म्हणजे मधला गोळा. कणी म्हणजे तुकडे. पाकिटातल्या भुकटीत तुमच्या वाट्याला यातलं काय येतं ते ओळखता येणं कठीण, कारण दळल्यावर सगळे पिवळेच. म्हणून तर हळकुंड विकत घेऊन दळून आणायचं. अखेर पाच किलोवर तोड निघाली. "पाव्हणं गावातलंच हाय म्हनून," अण्णांनी मध्यस्थी केली. दहा मिनिटांपूर्वी मी गावातला नव्हतो.

यापुढचं कांडपवालीनं सांभाळलं. "आज मिरची चालू आहे. हळद बुधवारी." कारण रास्त होतं: मिरचीमागून हळद घातली तर हळद तिखट होते, आणि हळदीमागून गहू दळायला कोणतीही गिरणी तयार होत नाही. शिवाय हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडून आणायची, नाहीतर यंत्राची जाळी जाते. फोडली. पाच किलो. खलबत्त्यात. शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवली. बुधवारी गेलो तर एका दमात दळून न देता थांबत थांबत दिली, कारण भुकटी तापली की वास उडतो. वजनात थोडी घट आली, ती नेहमीची. यंत्राच्या पोटात राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फुकट मिळते. माझ्या आधीच्याची मला मिळाली असावी, या आशेवर मी काही बोललो नाही.

आता घरात पाच किलोला थोडी कमी हळद आहे, आणि चार माणसं. म्हणून वाटप काढलं. शेजारच्या वहिनींनी डबी उघडून उजेडात धरली.

"रंग फिका वाटतो हो. आमच्या पाकिटातली एक चिमूट टाकली की आमटी कशी पिवळीजर्द होते."

मी म्हटलं, वहिनी, तुमच्याकडची चिमूटभर पेलाभर पाण्यात टाका आणि ढवळू नका. चांगली असेल तर तळाला बसेल आणि पाणी फिकट पिवळं होईल. सगळं पाणी लगेच गडद पिवळं झालं तर त्यात रंग आहे, समजा. मेटॅनिल यलो असू शकतं, ते पोटात जायचं नसतं.

"पाण्यात कशाला टाकायची?" वहिनी म्हणाल्या. "हळद आमटीत टाकतात."