वयाच्या आकड्यावर थांबू नका
मुलांसाठी गेम निवडताना 'वयाचा आकडा बघा', असा सल्ला एका लेखात वाचला. तो योग्यच आहे, पण अपुरा वाटला. प्ले स्टोअरवर 3+, 7+, 12+, 16+, 18+ असं जे दिसतं, ते बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्यांनीच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतं. त्यात हिंसा, शिव्या, जुगार वगैरे मोजलं जातं. ऑनलाइन खेळताना अनोळखी माणूस मुलाशी काय बोलेल, हे त्यात येत नाही! म्हणून आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. 'युजर्स इंटरॅक्ट' (खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात) असं दिसलं, तर आधी चॅट आणि व्हॉइस बंद करता येतात का ते तपासा. 'इन-ॲप खरेदी' (गेमच्या आतच पैसे देऊन वस्तू घेणं) असेल, तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावाच.

जीटीए व्हाइस सिटी हा गुन्हेगारी आणि हिंसेने भरलेला गेम आपल्याकडे चौथी-पाचवीतली मुलंही खेळतात, कारण पालकांना तो गाड्यांचा गेम वाटतो. गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या युरोपच्या पेगी पद्धतीत त्याला 18 चा शिक्का आहे. कृपया यूट्यूबवर त्या गेमचा खेळतानाचा व्हिडिओ दहा मिनिटं बघा, जाहिरात नव्हे. आणि रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी तर एकाच ॲपमध्ये लोकांनी बनवलेले असंख्य गेम असतात. तिथे मूल नेमकं कोणता खेळतंय, हे त्याच्या शेजारी बसूनच कळतं.